आयोडीनचे उपचार घेतलेल्या रुग्णांना वाळीत टाकू नका

संपादक महोदय,

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या संकुलात, थायरॉईडच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घेऊन परतलेल्या एका भगिनीला महिनाभर लिफ्ट न वापरण्याचे तोंडी बजावण्यात आले. गळ्यावरची शस्त्रक्रिया, त्यात उपचारासाठी थायरॉईडच्या गोळ्या बंद ठेवल्याने आलेला थकवा, आणि अशा अवस्थेत त्या दर मजल्यावर कठड्याला टेकून जिना चढत होत्या. हे पाहवले नाही.

थायरॉईड ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते आणि पॅपिलरी व फॉलिक्युलर या प्रकारांच्या थायरॉईड कर्करोगाच्या पेशींतही हा गुण बहुधा टिकून असतो. त्यामुळे ग्रंथी काढल्यावर तोंडावाटे दिलेले आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन उरलेल्या पेशींपर्यंत पोहोचून त्यांना नष्ट करते. त्याची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते आणि शरीरात न अडकलेला बराचसा भाग पहिल्या दोन दिवसांतच लघवीवाटे निघून जातो. म्हणूनच मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात व किरणोत्सर्ग ठरलेल्या मर्यादेखाली आल्याचे मोजूनच घरी सोडतात. पुढची पथ्ये मुख्यतः घरातल्यांसाठी असतात: काही दिवस वेगळे झोपणे, लहान मुले व गर्भवतींपासून अंतर राखणे, स्वच्छतागृहात दोनदा पाणी सोडणे. हा काही संसर्ग नव्हे. लिफ्टमधल्या मिनिटभराच्या सोबतीने शेजाऱ्यांनी धास्तावण्याचे कारण नाही.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून अणुवैद्यकाचे, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी निदान व उपचार करण्याचे, काम चालू आहे आणि अशी औषधे पुरवणाऱ्या 'ब्रिट' या केंद्र सरकारच्या संस्थेचे संकुल तर खाडीपलीकडे वाशीतच आहे. आता न्यूरोएंडोक्राइन गाठी व प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषधही वापरले जाते. म्हणजे असे रुग्ण आपल्या शेजारी यापुढे अधिकच दिसणार.

सर्वांत हाल होतात ते गावाकडून आलेल्यांचे. रुग्णालयातून सुटी मिळताच गर्दीच्या एसटीने लांबचा प्रवास टाळायचा, तर दोन-चार दिवस राहायचे कुठे? भाड्याची खोली देणारा 'रेडिएशन' हा शब्द ऐकताच दार लावतो. ठाणे महानगरपालिकेने शहरात आणि पनवेल महानगरपालिकेने खारघर परिसरात स्वतंत्र स्वच्छतागृह असलेल्या काही खोल्या अशा रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात. रुग्णालयांनीही सुटीच्या कागदांसोबत, कोणती काळजी किती दिवस घ्यायची हे सांगणारे आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक असलेले मराठी पत्र सोसायटीच्या सचिवांच्या नावे द्यावे, ही कळकळीची विनंती.

— एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)