ब्लूमचा तक्ता भिंतीवर, फेरचाचणीचा पत्ता नाही

मा. संपादक,
स.न.

तुमच्या पुरवणीत परवा अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूमबद्दल छोटंसं आलं होतं, वाचून बरं वाटलं, पण त्यात परत शिकण्याच्या उद्दिष्टांच्या त्या सहा पायऱ्याच. बी.एड.ला आम्हीपण तेच घोकलं, ज्ञान, आकलन, उपयोजन, मग पाठटाचणात उद्दिष्टं उतरवायची, पेपरसोबत संविधान तक्ता (कुठल्या उद्दिष्टाला किती प्रश्न, किती मार्क ते दाखवणारा) जोडायचा. आता रिटायर झालीये म्हणून सांगते, बरेचदा प्रश्न आधी काढायचो आणि तक्ता मागून जुळवायचो.

बेंजामिन ब्लूम मुळात परीक्षावाला माणूस. जन्म १९१३ चा, पेनसिल्व्हेनियातल्या लॅन्सफर्डचा, १९४२ ला शिकागो विद्यापीठाची पीएच.डी. आणि तिथेच परीक्षा विभागात नोकरी. १९५६ चं ते गाजलेलं पुस्तकही त्याच्या एकट्याचं नाही, वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या परीक्षकांना एकमेकांचे प्रश्न वापरता यावे म्हणून कमिटीने उद्दिष्टांची वर्गवारी केली, त्याच त्या सहा पायऱ्या, ब्लूम पुस्तकाचा संपादक. पुढच्याच वर्षी तो भारतात आला, परीक्षा सुधारणेवर वर्कशॉप घेतले, आपल्याकडे उद्दिष्टं ठरवून पेपर काढणं सुरू झालं त्यात त्याचा मोठा हात.

पण मला त्याचं १९६८ चं मास्टरी लर्निंग जास्त मोलाचं वाटतं आणि नेमकं तेच आपण सोडून दिलं. तो म्हणतो, वेळ आणि मदत मिळाली तर शंभरातली नव्वदच्या वर पोरं शिकतात. घटक झाला की छोटी चाचणी, ती मार्कांसाठी नाही, कुठे अडलं ते बघायला, मग तेवढंच वेगळ्या पद्धतीने शिकवायचं आणि परत चाचणी. पुढे १९८४ ला त्याने लिहिलं की एकेकट्याला शिकवलेलं सर्वसाधारण पोरगं नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के पोरांच्या पुढे जातं (नंतरच्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, तेही खरं), पण एकेका पोरामागे एकेक मास्तर कोणाला परवडतो, म्हणून वर्गातच काय जमेल ते तो शोधत होता. आपण काय केलं, तर ट्यूशन लावली.

आमच्या सक्करदऱ्यात शेजारची नववीतली पोरगी, समरूप त्रिकोणात नाही, साध्या समांतर रेषांच्या कोनातच अडकलेली, घटक चाचणीत २० पैकी ६. दुसऱ्या दिवशी शाळेत पुढचा धडा सुरू. शिक्षकांनातरी काय बोलणार, पोर्शन संपवायचा असतो. बोर्डाने वेळापत्रकातच प्रत्येक घटक चाचणीमागे दोन तास फेरचाचणीसाठी ठेवावे, एवढंच म्हणणं आहे. ती पोरगी दोन रविवार माझ्याकडे बसली, तोच पेपर आकडे बदलून दिला तर १६ आले. "काकू, शाळेत दाखवू का?" म्हणाली. रजिस्टरवर ६ च आहेत.

एक निवृत्त शिक्षिका,
सक्करदरा, नागपूर