पक्षाची भूमिका कोण ठरवते? विधानसभा अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई.

विषय : राजकीय पक्षांच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने धोरणात्मक भूमिका घेणे व पक्षादेशाची (व्हिपची) मर्यादा

महोदय,

सविनय नमस्कार.

शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रता प्रकरणात १० जानेवारी २०२४ रोजी आपण दिलेल्या निर्णयात एक विधान असे होते की, पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजेच पक्षाची इच्छा असे मानता येणार नाही, आणि पक्षाच्या १९९९ च्या घटनेनुसार राष्ट्रीय कार्यकारिणी हीच सर्वोच्च संस्था ठरते. त्या निर्णयाला पुढे आव्हान दिले गेले. कोणता गट खरा आणि कोणाची बाजू न्याय्य, हा या पत्राचा विषय नाही. मात्र कार्यकारिणी सर्वोच्च आहे असे एकदा घटनात्मक पदावरून म्हटले गेल्यावर जो प्रश्न आपोआप उभा राहतो, तो मला आपल्यापुढे मांडायचा आहे. तिकीटवाटप, नेमणुका, निधी आणि निवडणुकीची तयारी एवढेच या संस्थेचे काम आहे, की शेतमालाचा बाजार, आरक्षण, भूसंपादन, शिक्षण यांसारख्या प्रश्नांवर पक्षाची भूमिका ठरवणे हेही तिचेच काम आहे?

हे तिचेच काम आहे, आणि ते तिने उघडपणे, चर्चा व मतदान करून, नोंदी ठेवून केले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेत लोकसभेच्या अध्यक्षांनी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीच्या, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याच्या, पुनर्विचारासाठी आपल्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर केली होती. शिवाय त्या अनुसूचीखालचे नियम करण्याचा अधिकार आपल्या पदाकडेच आहे.

१९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने ही अनुसूची आली आणि पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याची जागा जाऊ शकते असे ठरले. १९९२ मध्ये किहोतो होलोहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली, परंतु तिला एक कुंपणही घातले. अपात्रता ओढवणारा पक्षादेश विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरता, अथवा ज्या धोरणाच्या व कार्यक्रमाच्या आधारे पक्ष मतदारांसमोर गेला त्याच्या अविभाज्य भागापुरता मर्यादित असावा, असे न्यायालयाने म्हटले. या कुंपणाचा दुसरा खांब जमिनीत रोवला गेलाच नाही. एखादे धोरण पक्षाचा अविभाज्य भाग आहे की नाही हे कशावरून ओळखायचे? जाहीरनामा निवडणुकीच्या तोंडावर येतो, अनेकदा मतदानाला थोडे दिवस उरलेले असताना, आणि पुढच्या पाच वर्षांत उद्भवणारे बहुतेक प्रश्न त्यात नसतातच. मधल्या काळात पक्षाने काय ठरवले हे सांगणारी एकच संस्था उरते, ती म्हणजे कार्यकारिणी. तिने भूमिका घेतली नाही, तर न्यायालयाची कसोटी लावायला हातात काहीच राहत नाही. मग साध्यासुध्या विधेयकावरही पक्षादेश निघतो आणि कोणी त्याला हरकत घेत नाही.

आमदाराच्या हाती पडणारा पक्षादेश किती त्रोटक असतो, हे आपण अनेकदा पाहिले असेल. अमुक दिवशी सभागृहात पूर्ण वेळ उपस्थित राहावे आणि पक्षाच्या भूमिकेप्रमाणे मतदान करावे, एवढाच त्याचा आशय. ती भूमिका कोणत्या बैठकीत ठरली, तिच्या बाजूने आणि विरोधात काय बोलले गेले, यातले काहीही त्या कागदावर नसते. तरीही तो मोडला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर लाखो मतदारांनी दिलेली जागा धोक्यात येते. शिवसेनेतील फुटीवरच्या सुभाष देसाई प्रकरणात ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पक्षादेश बजावणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे आदेशाचा उगम विधान भवनाबाहेर, पक्षसंघटनेत आहे. मग त्या संघटनेत निर्णय कसा होतो, ही केवळ पक्षाची घरगुती बाब कशी राहील?

याविरुद्ध एक वजनदार युक्तिवाद आहे. मते आमदार-खासदारांना मिळतात, कार्यकारिणीच्या सदस्यांना नाही. न निवडलेल्या लोकांनी निवडून आलेल्यांना धोरण सांगायचे, तर संसद आणि मंत्रिमंडळ कशाला हवे? मराठी माणसाला हा धोका पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर १९५५ च्या अखेरीस काँग्रेस कार्यसमितीने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशा तीन राज्यांची योजना पुढे केली. पुढे जून १९५६ मध्ये, अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीसाठी मुंबईत आले असता, पंतप्रधान नेहरूंनी मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील असे जाहीर केले. त्यावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत जे निवेदन केले ते आजही वाचण्यासारखे आहे. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याला त्यांचा विरोध होताच, पण त्यांची दुसरी तक्रार कार्यपद्धतीची होती. हा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे चर्चेला आला नाही, टिपणाच्या रूपाने फिरवलाही गेला नाही, आणि ज्यांचा या प्रश्नाशी निकटचा संबंध होता अशा मंत्र्यांचा सल्लाही घेतला गेला नाही, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पक्षाच्या कार्यक्रमात सरकारचा निर्णय जाहीर झाला आणि देशाचा अर्थमंत्री तो ऐकणाऱ्यांपैकी एक ठरला.

पण या प्रसंगातून पक्षाच्या समितीने धोरणावर बोलूच नये असा निष्कर्ष निघत नाही. त्या वेळी महाराष्ट्राचे म्हणणे पक्षात खालून वर गेले, त्यावर खुली चर्चा होऊन मते मोजली गेली, असे झाले नव्हते. निर्णय वरून आला आणि समिती त्याचे व्यासपीठ ठरली. समितीने मत देणे आणि मंत्रिमंडळाने आपल्या नावावर, आपल्या नोंदीत निर्णय घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली तेव्हा हानी झाली. ती हानी शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रूपाने या राज्याने मोजली आहे.

त्याच अखिल भारतीय समितीने त्याआधी चौदा वर्षे, याच शहरात, काम कसे करावे हेही दाखवून दिले होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव आला, दुरुस्त्या मांडल्या गेल्या, मतदान झाले. देश युद्धाच्या छायेत होता, अटकेच्या बातम्या हवेत होत्या, आणि एकमताचा देखावा करण्याचा मोह कोणालाही झाला असता. तरीही विरोधात मते पडली आणि ती मोजली गेली. त्यानंतरच्या भाषणात गांधीजींनी ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्या तेरा सभासदांचे अभिनंदन केले. स्वतःच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या लढ्याच्या ठरावाला विरोध करणाऱ्यांचे अभिनंदन! १९५९ च्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीच्या ठरावाला चौधरी चरणसिंगांनी उघड विरोध केला, तेव्हाही त्यासाठी त्यांना पक्षाबाहेर काढले गेले नाही.

अमेरिकेतही हा वाद १९५६ च्याच सुमारास पेटला होता. त्या वर्षीच्या पराभवानंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष पॉल बटलर यांनी पक्षाची धोरणविषयक भूमिका मांडण्यासाठी एक सल्लागार मंडळ स्थापन केले, आणि संसदेतील पक्षाचे दोन मोठे नेते, सॅम रेबर्न आणि लिंडन जॉन्सन, यांनी त्यात बसण्यास नकार दिला. धोरण आम्ही निवडून आलेले ठरवू, हे त्यांचे म्हणणे होते. मंडळ तरीही निवेदने काढत राहिले. पण तिथल्या सदस्याने पक्षाच्या विरोधात मत दिले तर त्याची जागा जात नाही. समितीने मत द्यावे, सदस्याने पटल्यास स्वीकारावे, एवढ्यावर भागते. आपल्याकडे त्याच मताला कायद्याची धार आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक मोठी.

ही धार कुठवर जाऊ नये याचे उदाहरण आपल्याच पदाशी संबंधित आहे. १९९६ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने सरकारमध्ये न जाण्याचा निर्णय घेतला आणि ज्योती बसूंचे पंतप्रधानपद हुकले. बसूंनी पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटले, पण निर्णय पाळला. तो निर्णय चूक असेल. तरी तो चर्चेने आणि मतदानाने झाला होता, आणि कोणी घेतला हे सर्वांना ठाऊक होते. २००८ मध्ये मात्र याच पक्षाने लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांनी पद सोडावे अशी अपेक्षा धरली. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो, या भूमिकेवर ते ठाम राहिले आणि २३ जुलै २००८ रोजी त्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. समितीला धोरणावर मत हवे. सभागृहाच्या पदांवर तिची सत्ता नको.

आजची अडचण मात्र समित्या फार बोलतात ही नाही. बहुतेक पक्षांच्या समित्यांमध्ये स्वतंत्रपणे बोलण्याचे बळच उरलेले नाही. काँग्रेस कार्यसमितीच्या निवडणुका १९९२ मध्ये तिरुपतीला आणि १९९७ मध्ये कोलकात्याला झाल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रायपूरला सर्व सदस्य नेमण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांकडे सोपवला गेला. इतर पक्षांचे चित्र फारसे वेगळे नाही. ज्याने नेमले त्याच्यासमोर हात वर करून ‘नाही’ म्हणणे किती जणांना जमेल?

याची किंमत मतदार मोजतो. २०१९ च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने बाजार समिती कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले होते. पुढच्याच वर्षी केंद्राच्या कृषी कायद्यांना त्या पक्षाने कडाडून विरोध केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याला भारतीय जनता पक्षाने संसदेत पाठिंबा दिला होता. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने तो बदलणारा अध्यादेश काढला. भूमिका बदलण्याचा अधिकार प्रत्येक पक्षाला आहे, आणि कधी कधी बदलणे हेच शहाणपणाचे असते. दोन्ही वेळी स्पष्टीकरणेही आली, पण ती प्रवक्त्यांकडून, बदल झाल्यानंतर. कांदा घेऊन लासलगावच्या बाजारात उभा असलेला शेतकरी किंवा महामार्गासाठी ज्याची जमीन मोजली जाते आहे तो खातेदार, यांना बदलाआधीची पक्षातली चर्चा कुठेही वाचायला मिळाली नाही.

यावर उपाय म्हणून कार्यकारिणीची निवडणूक कायद्याने सक्तीची करावी असे अनेक जण सुचवतात. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्याची शिफारस केलीच होती. तो मार्ग संसदेचा आहे आणि लांबचा आहे. आपल्या हातात असलेले काम त्याहून लहान आणि लगेच होण्याजोगे आहे. दहाव्या अनुसूचीच्या परिच्छेद ८ खाली आपल्या सभागृहाचे १९८६ चे अपात्रता नियम झालेले आहेत. त्यांतील नियम ३ नुसार प्रत्येक विधिमंडळ पक्षाच्या नेत्याला सदस्यांच्या यादीसह पक्षाच्या घटनेची प्रत अध्यक्षांकडे द्यावी लागते. शिवसेना प्रकरणात कोणती घटना ग्राह्य धरायची यावर किती काथ्याकूट झाला हे आपण जाणताच. २०१८ ची दुरुस्त घटना निवडणूक आयोगाच्या नोंदीवर नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. एका प्रतीच्या नोंदीने किती फरक पडतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

त्या नियमात एवढीच भर घालावी की, पक्षाच्या घटनेने ज्या संस्थेला सर्वोच्च ठरवले आहे तिने संमत केलेले धोरणविषयक ठराव, बैठकीची तारीख आणि बाजूने व विरोधात पडलेली मते यांसह, ठरावीक मुदतीत अध्यक्षांकडे दाखल व्हावेत. विश्वासदर्शक व अविश्वास ठराव आणि अर्थसंकल्पीय मागण्या वगळता अन्य कोणत्याही विषयावर पक्षादेश काढायचा असेल, तर त्यात जाहीरनाम्याचा किंवा अशा दाखल ठरावाचा उल्लेख असावा. उल्लेख नसेल, तर त्या आदेशाच्या उल्लंघनावरील अपात्रता याचिकेत अध्यक्षांनी किहोतो होलोहानची कसोटी लावून ती बाब विचारात घ्यावी. एखाद्या पक्षाला धोरणावर काहीच ठरवायचे नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही. त्याच्या सदस्यांना त्या विषयावर आपल्या बुद्धीने मत देण्याची मोकळीक राहील.

छोट्या प्रादेशिक पक्षांना हे जड जाईल, अशी हरकत येऊ शकते. मला ती फारशी पटत नाही, कारण ज्या पक्षाचे दोन आमदार आहेत त्याला बैठक घेणे आणि दोन पानांचे इतिवृत्त लिहिणे मोठ्या पक्षापेक्षा सोपेच आहे. कार्यकारिणी घाऊक ठराव करून ठेवेल, ही हरकत अधिक गंभीर आहे. ‘पक्ष जनहिताच्या सर्व विधेयकांना पाठिंबा देईल’ अशा धाटणीचा ठराव दाखल होऊ नये, म्हणून ठराव विशिष्ट विषयावर असावा, एवढी अट मसुद्यातच हवी.

नियमांतील दुरुस्ती सभागृहापुढे तीस दिवस ठेवावी लागते, आणि सभागृह ती मान्य करू शकते, बदलू शकते किंवा फेटाळू शकते. त्यापूर्वी मसुदा नागरिकांच्या हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि नियम ३ खाली आजवर दाखल झालेल्या पक्षघटनांच्या प्रती विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध करून द्याव्यात, ही आपणास नम्र विनंती.

आपला विश्वासू,
नाशिक येथील एक मतदार