स्कॅनरवाल्या दादांना

दादा,

हे सगळं दुकानात समोर उभं राहून बोलता आलं नसतं. बोलायला लागले असते तरी तुम्ही मध्येच "जाऊ द्या हो काकू" म्हणून विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

नाशकात कॉम्प्युटरची दुकानं काय कमी आहेत? एम. जी. रोडपासून कॉलेज रोडपर्यंत माझा जुना स्कॅनर, कॅनोस्कॅन एफबी६३०पी, पिशवीत घालून हिंडले. मागची ती रुंद, २५ पिनांची केबल दिसली की लोक हसायचे. "मॅडम, भंगारात द्या." एकाने तर यूएसबीला जोडायची वायर गळ्यात मारली. तसल्या वायरीवर फक्त प्रिंटर चालतो, स्कॅनर नाही, हे तुमच्याकडून कळलं. परत करायला गेले तर म्हणे पॅकिंग फोडलंय. "मोबाइलने फोटो काढा की" हा सल्ला मात्र सगळ्यांनी फुकट दिला.

घडीवर घडी पडलेल्या कागदाचा मोबाइलने फोटो काढून बघा म्हणावं एकदा! पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत ती. मोडी म्हणजे आधीच हात न उचलता लिहिलेलं, त्यात घडीची सावली पडली की अक्षराची रेघ कुठली आणि सुरकुती कुठली, पत्ता लागत नाही. वाचून देणाऱ्या गुरुजींनी काचेवर सपाट ठेवून केलेला, ३०० डीपीआयचा (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचा) स्कॅन मागितला होता. "काय स्कॅन करायचंय, काकू?" हे तुमच्याआधी कुणी विचारलंच नाही.

तुम्ही काय काय केलंत, त्यातलं मला निम्मंच समजलं. माळ्यावरून पॅरलल पोर्टवाला (ती रुंद केबल जिथे लागते तो) जुना पीसी काढलात, बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, पोर्ट ईपीपी नावाच्या मोडवर टाकलात, प्रिंटर चालवणारं मॉड्यूल पोर्ट अडवून बसलं होतं त्याला उठवलंत. आणि गंमत म्हणजे माझ्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या 'सेन' या स्कॅनरांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होता! यादीत त्याच्या नावाआधी # होतं, म्हणजे तो बंद ठेवलेला होता, एवढंच. कुणीतरी स्वतःचा वेळ घालून तो लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्या अनोळखी मंडळींनाही यातच नमस्कार.

पहिला स्कॅन उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा आला तेव्हा माझा धीर सुटला होता. तुम्ही "कॅलिब्रेशन राहिलंय" म्हणालात आणि कामाला लागलात. पट्टे गेले. मी लगेच पत्र पुढे केलं, तर तुम्ही हात मागे घेतलात. बोटांना टोनर लागला होता. मागे जाऊन साबणाने हात धुऊन आलात, कोरड्या फडक्याला पुसलेत, आणि तरीही पत्राला हात लावला नाहीत. आधी स्वतःचं लाइट बिल काचेवर ठेवून पाहिलंत. ते नीट उमटल्यावर म्हणालात, "आता तुम्हीच ठेवा काकू. घडी कुठे नाजूक आहे ते तुम्हाला माहीत."

दादा, स्कॅनर चालू झाल्याचा आनंद आहेच, पण घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं ते त्या हात धुण्याचं. कामात तरबेज माणसं ढिगाने मिळतील. दुसऱ्याच्या घरचा कागद हातात घेताना असं जपावंसं वाटणं कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? जे हसले त्यांनाही केबल कळत होतीच की. पिशवीत काय आहे ते बघायची कुणाला गरज वाटली नाही.

आता एक तक्रार. पैसे विचारले तर चहा मागवलात आणि जुन्या पीसीचे तेवढे घेतलेत, मेहनतीचं नावही काढलं नाहीत. हे चालायचं नाही. आमच्या शेजारचे काका त्यांचा मस्टेकचा पॅरललवाला स्कॅनर घेऊन येत्या आठवड्यात तुमच्याकडे येणार आहेत. त्यांना मी मजुरीचा आकडा माझ्या मनाने सांगून ठेवलाय. तेवढे मुकाट्याने घ्या.

तुमची,
मोडी पत्रांवाली काकू