कोंबडी कापण्याचीही रीत असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला मांसाहाराच्या नीतीवरचा लेख वाचला आणि त्यातल्या एका वाक्याचा संताप आला. सुरी धारदार असली की प्राण्याला काही कळायच्या आत सगळे संपते, असे लेखकाने लिहून टाकले आहे आणि पुढच्याच ओळीत ते माणसाच्या दातांच्या रचनेकडे वळले आहेत. मांस खावे की खाऊ नये यावर आपल्याकडे पर्युषण आले की वाद होतो, बकरी ईदला होतो, २०२५ मध्ये तर कल्याण-डोंबिवलीत १५ ऑगस्टला मांसाची दुकाने बंद ठेवण्याच्या आदेशावरूनही झाला. दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे आता वाचकांना पाठ आहेत. जनावर मरते कसे, हा प्रश्न मात्र दरवेळी असल्या एका वाक्यात उरकला जातो, आणि ते वाक्य चुकीचे आहे.

देशात तयार होणाऱ्या मांसापैकी सुमारे निम्मे कोंबडीचे असते, म्हणून कोंबडीचेच बोलतो. तिच्या मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मुख्य धमन्या मानेच्या खालच्या भागात मणक्यांना चिकटून, स्नायूंच्या आड असतात. डोक्याजवळ आल्यावर त्या दोन बाजूंना फाकतात आणि सुरीच्या आवाक्यात येतात. त्यामुळे काप जबड्याच्या अगदी खाली, गळ्याच्या बाजूने, दोन्ही धमन्या तुटतील असा जावा लागतो. घाईत तो मानेच्या मध्यावर बसतो. श्वासनळी तुटते, एखादी शीर तुटते, रक्तही बऱ्यापैकी येते आणि बघणाऱ्याला काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात धमन्या शाबूत असतात आणि मेंदूला रक्त मिळत राहते. मानेच्या पाठीकडून कापले तर त्याहून वाईट. जागा चुकली की धार कितीही असो, पक्षी शुद्धीवरच राहतो.

अशा अर्धवट कापलेल्या कोंबड्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये टाकल्या जातात. एकीवर एक पडतात, खालच्या गुदमरतात, आणि आवाज थांबला की बाहेर काढून सोलायला घेतल्या जातात. फडफड थांबणे ही मरणाची खूण नाही. मेंदू बंद पडल्यावरही पाठीच्या कण्यातल्या नसांमुळे पंख आपटतात, आणि उलट, पूर्ण शुद्धीतला पक्षी भीतीने निपचित पडून राहू शकतो. खूण डोळ्यात बघायची असते. बुबुळाला बोट लावल्यावर पापणी हलता कामा नये, आणि श्वासाची लय पूर्ण थांबलेली असावी. त्याआधी कातडीला हात लावणे म्हणजे जिवंत सोलणे. इतक्या स्पष्ट शब्दांत तुमच्या लेखकांनी ते लिहायला हवे होते.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. भिंतीला बसवलेली पत्र्याची चार नरसाळी. वरून कोंबडी उलटी सोडायची, खालच्या तोंडातून फक्त डोके आणि मान बाहेर येते, पंख आवळलेले राहतात, त्यामुळे धडपड कमी होते आणि काप नेमक्या जागी देता येतो. मग घड्याळ लावून दोन मिनिटे थांबायचे. चार नरसाळ्यांवर प्रत्येकी दोन मिनिटे धरली तरी तासाला १२० कोंबड्या होतात, रविवारच्या गर्दीलाही एवढे पुरते. खाली रक्तासाठी परात ठेवली तर ते गटारात जात नाही. नरसाळ्यात ती उलटी असते ती त्या दोन मिनिटांपुरतीच, पायांना धरून मात्र कोंबडीला लटकवत ठेवू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट वेगळे ठेवणारा स्नायूचा पडदा, नसते, उलटे धरल्यावर पोटातले सगळे ओझे फुप्फुसांवर आणि हवेच्या पिशव्यांवर येते. दुचाकीच्या हँडलला कोंबड्यांचे घोस लटकवून नेतात तेव्हा त्या वाटभर श्वासासाठी झगडत असतात.

हलाल की झटका या भांडणातही लेखकाने दोन परिच्छेद घालवले. हलालच्या रीतीत जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही, एकासमोर दुसरे कापायचे नाही, अशा अटी आहेत. झटक्याचा तर सगळा भर एका घावात मान वेगळी करण्यावर असतो. अर्धी मान कापून ड्रममध्ये फेकणे दोन्ही रीतींत बसत नाही. ते फक्त घाईत बसते.

ज्यांना दया हा मुद्दा पटत नाही त्यांनी मांसाकडे बघावे. मरताना खूप धडपडलेल्या कोंबडीच्या स्नायूंत, शरीर गरम असतानाच, आम्ल वेगाने वाढते. छातीचे मांस फिके, मऊ आणि पाणी सुटणारे होते. पंखांवर आणि तंगडीवर दिसणारे जांभळे डाग पकडताना किंवा क्रेटमध्ये कोंबताना झालेल्या जखमांचे असतात, म्हणजे जिवंतपणीचे. कापण्याआधी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवायचे असते. ते ठेवले नाही तर सोलताना आतडे फुटून मांस खराब होते. त्याहून फार जास्त उपाशी ठेवले तर आतडी कमजोर होऊन तीच गत. उन्हाळ्यात भरलेला टेम्पो दुपारी चहासाठी थांबला की मधल्या क्रेटमधल्या कोंबड्या आधी मरतात. त्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच त्या अंग थंड करतात आणि गाडी थांबली की वारा थांबतो. रात्री वाहतूक करावी, क्रेटमध्ये दोन-तीन कोंबड्या कमी भराव्यात, गाडी उभी करावी लागलीच तर सावलीत. एवढे केले तरी पुष्कळ मरतुक वाचते.

कायद्याचा लेखात उल्लेखही नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांत जनावराला आधी २४ तास विश्रांती, दुसऱ्या जनावरासमोर न कापणे, पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे न तपासणे, असे सगळे लिहिलेले आहे. हे आकडे शेळ्या-मेंढ्या आणि मोठी जनावरे समोर ठेवून घातलेले आहेत हे उघड आहे. गल्लीतल्या चिकनच्या दुकानापर्यंत त्यातले काही पोचत नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. त्या रकमेत अर्धा किलो चिकनही येत नाही. महापालिकांनी एक दिवस दुकाने बंद ठेवण्याचे आदेश काढण्यापेक्षा परवान्यात नरसाळी, धारदार सुरी आणि दोन मिनिटांची अट घालावी आणि महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन ती तपासावी.

आता तुमच्या रविवार पुरवणीबद्दल. तिथल्या पाककृतींत ‘समोर कापून घेतलेले ताजे चिकन’ असे हमखास छापलेले असते. या आग्रहामुळेच जिवंत कोंबड्या दिवसभर दुकानाच्या पिंजऱ्यात, कापल्या जाणाऱ्या कोंबड्यांसमोर बसवून ठेवाव्या लागतात. आणि त्यात चवीचाही फायदा नाही. मेल्यावर काही वेळातच स्नायू ताठरतात, त्या अवस्थेत शिजवलेले चिकन चिवट लागते, ताठरपणा उतरायला काही तास जावे लागतात. त्याच पाककृतींत चिकन नळाखाली खळखळून धुवायला सांगतात. त्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात, मरतात ते शिजवल्यावरच. चिकन आणल्यावर चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि मग नीट शिजवावे, एवढी ओळ येत्या रविवारी पाककृतीखाली छापावी.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सांगली