तयार साक्षीदाराला मज्जाव

युक्रेनची लष्करी मदत रोखून राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीसाठी दबाव आणल्याच्या आरोपावरून राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर २०२० मध्ये चाललेल्या महाभियोगात नवे साक्षीदार बोलावण्याचा प्रस्ताव अमेरिकी सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळल्याची बातमी वाचली. पुरावे गोळा करणे हे प्रतिनिधिगृहाचे काम, सिनेटचे नव्हे, असा ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचा युक्तिवाद होता. इतिहास मात्र वेगळे सांगतो. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्या खटल्यात सिनेटपुढे ४१ जणांच्या साक्षी झाल्या. १९९९ मध्ये बिल क्लिंटन यांच्या वेळी सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचेच होते आणि तेव्हा तिघांच्या साक्षी चित्रफितीवर नोंदवल्या गेल्या.

यावेळी तर माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी समन्स निघाल्यास साक्ष देण्याची तयारी ६ जानेवारीलाच दाखवली होती. युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदत का रोखली, हे खुद्द ट्रम्प यांच्याकडून ऐकल्याचे त्यांनी तेव्हाच्या आगामी पुस्तकात लिहिल्याचे वृत्त होते. प्रतिनिधिगृहापुढच्या आधीच्या साक्षी ‘ऐकीव’ म्हणून उडवून लावायच्या आणि प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला दाराबाहेर ठेवायचे, हे अजब आहे. (प्रकरण प्रतिनिधिगृहात असताना डेमोक्रॅटांनी बोल्टन यांच्यावर समन्स काढले नाही, ही चूक त्यांच्या पदरात घालावीच लागेल.)

पदच्युतीसाठी सिनेटच्या १०० पैकी ६७ मते लागतात आणि तेव्हा रिपब्लिकन सदस्यच ५३ होते. निर्दोषत्व इतके हातात असताना एका साक्षीची धास्ती कशासाठी?

– एक वाचक, सातारा