पानात तुंबलेली साखर मण्यात जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शेती पुरवणीतला द्राक्षाची गोडी वाढवण्याचा सल्ला वाचला. खाली लेखकाचे नाव नाही, हे एका परीने बरेच झाले. २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ, मण्यात पाणी उतरू लागले (म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागला) की दोन फवारण्या, आणि कारण काय, तर 'पानात जितकी साखर साचेल तितका मणी गोड'. फवारणीचा हिशेब पुढे मांडतोच. पण हे कारण छापण्याआधी एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी विचारायचे होते.

पान साखर बनवते ती बाहेर धाडण्यासाठी. दिवसा बरेचसे सुक्रोज (म्हणजे आपली नेहमीची साखर) सालीतल्या वाहिन्यांतून घडाकडे, खोडाकडे, मुळांकडे जाते. उरलेल्याचा स्टार्च होतो आणि तो रात्री फोडून पाठवला जातो. वाट अडली किंवा पलीकडे घेणारे कुणी उरले नाही, की साखर पानातच तुंबते, आणि पानाला ते कळते. हेक्सोकायनेज हे विकर (एन्झाइम) ग्लुकोजवर प्रक्रिया करते आणि ग्लुकोज किती आहे याची खबरही केंद्रकाला देते. २००३ साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावर हे स्वच्छ दिसले: विकराचे रासायनिक काम मोडून टाकले, तरी त्याचे खबर देणे चालूच राहिले. ही खबर गेली की रुबिस्कोची (हवेतला कार्बन पकडणाऱ्या विकराची) आणि हरितद्रव्य धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची जनुके थंडावतात. मक्याच्या पेशींत साखरेचा असा परिणाम १९९० सालीच नोंदला गेला आहे. लासलगावचे लिलाव बंद पडले की कांद्याची काढणी थांबते, तसे पान प्रकाशसंश्लेषणच आखडते घेते. तुंबणे लांबले तर पान जाड, ठिसूळ होते आणि वेळेआधी पिवळे पडते. गोडी वाढणे दूरच.

आपल्या तज्ज्ञांनी पुरावा म्हणून गर्डलिंग पुढे केले आहे. तेच उदाहरण त्यांच्या विरुद्ध जाते. सालीची चार-पाच मिलिमीटरची कडी काढली की साखरेची खाली जायची वाट बंद होते. घड कडीच्या वर असल्यामुळे त्याला जादा वाटा मिळतो, म्हणून फायदा दिसतो. पण त्याच काळात पानेही तुंबतात, त्यांचे काम मंदावते आणि कडी भरून येईपर्यंत मुळे उपाशी राहतात. म्हणूनच अशक्त वेलीवर गर्डलिंग करू नये आणि केल्यावर पाण्याचा ताण पडू देऊ नये. सुरी लाकडात गेली तर वर चढणारे पाणीही तुटते. यातली एकही ओळ सल्ल्यात नाही.

साखर पानात अडली आहे का, हे घरी पाहता येते. पहाटे, ऊन लागण्याआधी, घडासमोरचे पान तोडा. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा, मग स्पिरिटमध्ये ठेवून ते भांडे गरम पाण्यात धरा (आचेवर थेट धरू नका, स्पिरिट पेट घेते). हिरवा रंग उतरला की पान धुऊन त्यावर आयोडीन टाका. निरोगी पानाचा बराचसा स्टार्च रात्रीत निघून गेलेला असतो, त्यामुळे रंग फिका येतो. पहाटेचे पानही काळेनिळे झाले तर वाट अडली आहे असे समजा. त्याच वेळी दुसऱ्या चांगल्या वेलीचे पान शेजारी ठेवा, नाहीतर फिके कशाला म्हणायचे ते कळणार नाही.

अडण्याचे एक नेहमीचे कारण आपल्याच हातचे असते. सुक्रोज वाहिनीत भरायला पोटॅश लागते तसेच मॅग्नेशियमही लागते. पाणी उतरताना शून्य-शून्य-पन्नास या पोटॅशच्या खताचा मारा करायचा, त्यातून मॅग्नेशियमचे शोषण दाबायचे, जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडू द्यायचा आणि मग गोडी येत नाही म्हणून गूळ फवारायचा! पानाच्या देठातली अन्नद्रव्ये प्रयोगशाळेत तपासण्याचा, म्हणजे देठ परीक्षणाचा, खर्च या सगळ्यापेक्षा कमीच येतो.

आता गुळाचा हिशेब. एकरी १० टन माल, १८ ब्रिक्स (रसात साधारण १८ टक्के साखर) धरला, तर मण्यांत दीड टनाहून जास्त साखर असते. एकरी ४०० लिटर फवारले तर गूळ जातो ४ किलो. त्यातलाही पानाच्या मेणातून आत किती शिरेल? उरलेला वर चिकटून मुंगळे बोलावतो, मुंगळे मिलीबग या रस शोषणाऱ्या किडीला जपतात, मागून काळी बुरशी येते. मण्यावरची पांढरी पूड गेली की निर्यातीच्या मालाचे काय होते, ते पिंपळगावात कुणालाही विचारावे. सफरचंदाच्या बागांत साखर फवारतात हे खरे, पण १०० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे आपल्या सल्ल्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी, आणि तीही किडीविरुद्ध झाडाला सावध करायला. गोडीचा तिथे संबंध नाही.

त्याच पानावर 'शुगर वाढवणाऱ्या' बाटलीची पाव पान जाहिरात होती. योगायोगच असेल.

जाता जाता आणखी एक. हवामानाच्या चौकटीत आपण रोज नाशिक शहराचे किमान तापमान देता. निफाडची पहाट शहराहून बरीच गार असते. रात्र गारठली की वाढ मंदावते, साखरेचा उठाव घटतो आणि पाने आणखी तुंबतात. गार रात्र आणि तापलेली दुपार अशी जोडी जमली की थॉमसन या हिरव्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडतात, म्हणून बागायतदार घडांवर रद्दीचे कागद बांधतात. पुरवणी तिथे उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे. पण कागद कधी बांधायचा हे ठरवायला निफाडचा आकडा हवा. तो छापायला दोन ओळींची जागा लागते. गुळाच्या सल्ल्याची दुरुस्ती मात्र येत्या पुरवणीतच यावी, तिसऱ्या फवारणीचा सल्ला येण्याआधी.

कळावे,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक