तुझ्या घरातले उंदीर, घूस आणि काकूंची खार

काय बे लंब्या,

तू सांगितलंस तसं रविवारी उंदरांचं बघायला तुझ्या घरी जाऊन आलो. फोनवर सांगत बसलो असतो तर तू नेहमीसारखं मधेच "बरं मग औषध टाकून दे ना" म्हणून विषय संपवला असतास, म्हणून बसून लिहितोय. निवांत वाच, मीटिंगमध्ये वाचू नको.

काकू ठणठणीत आहेत, गुडघा तेवढा कुरकुरतोय. गेल्या गेल्या दही, शेंगा चटणी, कडक भाकरी पुढं ठेवली आणि म्हणाल्या "किती वाळलास रे". मला! चष्म्याचा नंबर एकदा बघून घे त्यांचा.

तर वॉशिंग मशीन. तो मेकॅनिक "बोर्ड गेलाय" म्हणून जे एस्टिमेट देऊन गेला ते फाडून टाक, बोर्डाला काहीही झालेलं नाही. मी आमच्या वायरमनला सोबत नेलं होतं, दोघांनी मिळून मशीन आडवं केलं तर खालची बाजू सताड उघडी, बेस कव्हरच नाही, आणि मोटरच्या बाजूला हे एवढं घरटं. चादरीच्या दशा, कॅरीबॅगचे बारीक बारीक तुकडे, काकूंच्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, शेंगांची टरफलं आणि मधोमध कापसाचा मऊ खळगा. पिल्लं नव्हती. मोटरकडं जाणाऱ्या वायरी दातानं अशा सोलल्यात की वायरमन म्हणाला मला स्ट्रिपरनं पण इतक्या साफ सोलता येत नाहीत. तांबं उघडं पडलेलं, आणि काकू ओल्या हातानं तिथंच कपडे काढणार, म्हणजे बोर्ड बिर्ड राहू दे, विचार कर काय झालं असतं. वायरी बदलल्या, मशीन चालू आहे.

ह्या उंदीर-घुशींचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळं पोट भरलेलं असो नसो, कुरतडत राहावंच लागतं, नाहीतर तोंडच मिटणार नाही त्यांचं. खारीचं पण तेच. वायर, पाइप, दाराची चौकट, जे वाटेत येईल ते.

आता घरात कोण कोण आहे ते ऐक, कारण तू सगळ्यांनाच "उंदीर" म्हणतोस आणि तिथंच घोळ होतो. पुढच्या सोप्यात माळवदात, म्हणजे त्या मातीच्या छतात, उंदीर आहेत, मोठे काळे, तुळईच्या कडेनं तेलकट काळा पट्टा पडलाय बघ, रोज त्याच वाटेनं अंग घासत जातात म्हणून तो पडतो, आणि खाली कपाटावर अर्धा इंच लांब टोकदार लेंड्या. मागं मोरीजवळ घूस आहे. तिथली शहाबादी फरशी दबलीये, टाच आपटली की खाली पोकळ वाजतं, आणि भिंतीच्या बाहेरून उकरलेल्या मातीचा ढीग. आणि गच्चीवर खार. शिवाय मोरीतून चिकचिक करत भिंत धरून पळते, लांब नाकाची, ती चिचुंद्री, तिचा ह्यात काही संबंध नाही, ती मुळात उंदरांच्या जातीतलीच नाही, झुरळं किडे खाते, वास मारते एवढाच गुन्हा. तिला सोडून दे.

गच्चीवरचं नुकसान काकूंनी तुला सांगितलं नसणार. एसीच्या तांब्याच्या पाइपवरचा काळा फोम दोन हात लांब खाऊन टाकलाय, सोलरच्या पाइपचं पण तेच, आणि तू हौसेनं बसवलेली ती फायबरची मच्छर जाळी, तिला खालच्या कोपऱ्यात मूठ जाईल एवढं भोक. तो फोम, जाळीचे धागे, पायपुसण्याचा काथ्या सगळं नेऊन बाथरूमच्या एक्झॉस्टच्या भोकात घरटं केलंय. पंखा बंद पडल्यापासून ते भोक रिकामंच होतं ना. मी स्टूलावर चढून टॉर्च मारला तर आत दोन पिल्लं, डोळे मिटलेले, अंगावर पट्टे मात्र आत्ताच दिसतात.

मी म्हटलं काकू हे बंद करावं लागेल, तर लगेच, "असू दे की रे, रामाची खार हाय ती, सेतू बांधताना वाळू वाहिलीय तिनं, देवानं पाठीवर हात फिरवलाय". आता ह्याला तू काय उत्तर देणार. आणि उंदराचं काढलं तर गणपती आहेच. पण खरं सांगू, पिल्लांच्या बाबतीत काकूंचंच बरोबर आहे. आत्ता भोक लिंपलं तर पिल्लं आत मरणार आणि खारीण बाहेरून ती जागा फोडत बसणार. दोन-अडीच महिन्यांत ती आपली आपण निघून जातात, मग भोक बंद. तोपर्यंत एक्झॉस्टला हात लावायचा नाही, असं वायरमनला पण बजावलंय.

पण खरी गोम वेगळीच आहे बे, आणि ती मला संध्याकाळी चहाला थांबलो तेव्हा कळली. काकू रोज खारीसाठी वाटीभर शेंगदाणे मागच्या कट्ट्यावर ठेवतात. सकाळी ठेवतात, दुपारी ठेवतात, संध्याकाळी पण. खार दिवसाचा प्राणी, अंधार पडायच्या आत घरट्यात. मग रात्रभर ती वाटी कुणाची? कट्ट्याखालीच घुशीचं बीळ आहे! शेजारी पाण्याचे ड्रम, एकाला पण धड झाकण नाही, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यामुळं ड्रम कायम भरलेले. जेवण आणि पाणी दोन्ही दारात असल्यावर घूस कशाला जाईल कुठं. तू वर्षभर विष टाकलंस तरी काकू खालून पंगत वाढतच राहणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मारत बसू नको, खाणं आवर आणि भोकं बुजव. मी दुकानात औषध रोज विकतो, माझ्या गल्ल्याच्या विरोधात बोलतोय समज, पण तुझ्या घरात नको. त्या निळ्या-गुलाबी केकमध्ये ब्रोमॅडिओलोन असतं, त्यानं रक्त गोठायचं थांबतं, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो आणि मरायला जातो कुठं तर माळवदात. मग मेलेला उंदीर शोधायला तू माती उकरणार का? उन्हाळ्यात ४२-४३ डिग्रीत तो वास किती दिवस राहतो ते आमच्या गल्लीत येऊन विचार. शिवाय ते पांढरं मांजर काकूंच्या मागं मागं असतं, त्यानं औषध खाल्लेला उंदीर खाल्ला की ते पण गेलं, घुबडाचं पण तसंच. आणि शेजारचा लहान पोरगा दिवसभर तुमच्याच अंगणात असतो. केकला निदान व्हिटॅमिन के चं इंजेक्शन आहे, तेही पाकीट सोबत घेऊन वेळेत सिव्हिलला पोचलं तर. पिवळ्या फॉस्फरसची ती पेस्ट असते ना, तिला उताराच नाही, लिव्हर खलास करते, मी ती ठेवायचीच बंद केली, गिऱ्हाईक शिव्या घालून जातं तरी. आणि एवढं करून उरलेल्यातली एक जोडी पुरते. तीन आठवड्यांत पिल्लं, एका वेळी सहा-सात, आणि ती पिल्लं काही महिन्यांत स्वतः वितात.

बुजवायचं म्हणजे मात्र नीट. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो, मोठ्याला अर्धा इंच बास होतो. डोकं गेलं की अंग जातंच. नुसतं सिमेंट किंवा एमसील भरलंस तर ओलं असतानाच उकरतो, फोमचा स्प्रे तर त्याला खाऊच. आत तारेची घासणी ठासून भरायची, मग वरून सिमेंट. घुशीच्या बिळाला गवंडी करतो तसं, फुटक्या काचा, खडी, सिमेंट, आणि ती दबलेली फरशी काढून खालून पक्का कोबा. दोन दिवस आधी बिळाच्या तोंडात कागदाचा बोळा घालून बघायचा, तो जागचा हलला नाही म्हणजे आत कुणी नाही, मगच बुजवायचं. मागच्या दाराखाली बोटभर फट आहे तिथं अॅल्युमिनियमची पट्टी, मोरीच्या नहाणीला स्क्रूची स्टीलची जाळी, खिडक्यांना फायबर काढून एसएस जाळी. एसीच्या पाइपवर फोम नवा आणि त्यावर पत्र्याचं कव्हर. रामफळाची फांदी गच्चीला टेकलीये ती छाटायला लागेल, चांगली सहा-सात फूट मागं. खार उडी मारते, त्यामुळं वीतभर छाटून काही होत नाही. खाली येणाऱ्या पाइपला पत्र्याची उलटी टोपी बसवतो.

माळवदाचं मात्र खोटं सांगत नाही, ते शंभर टक्के बंद होत नसतं. मातीच्या छताला किती भोकं बुजवशील. तिथं पिंजरेच. पण पिंजरा लावला आणि पहिल्या रात्री काही सापडलं नाही म्हणून उचलून टाकू नको. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, आठवडाभर लांबूनच बघतो. म्हणून पहिले काही दिवस पिंजऱ्याचं दार बांधून ठेवायचं, आत भजं नाहीतर खोबऱ्याचा तुकडा, येऊ दे जाऊ दे, सवय लागली की मग दार सोडायचं. आणि पिंजरा खोलीच्या मधे नाही, भिंतीला लागून, त्या तेलकट पट्ट्याच्या वाटेवर. ते चिकट पुठ्ठे अजिबात नको. त्यात पाल, खार काहीही अडकतं आणि रात्रभर चिरकत राहतं. काकूंना ते बघवणार नाही, मला पण नाही.

हां, आणि तू ऑनलाइन मागवलेलं ते प्लगचं यंत्र, कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारं. त्याचा निळा दिवा लागतो म्हणून काकू ते देवघरात नाइट लॅम्प म्हणून वापरतात आणि तेवढाच त्याचा उपयोग आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्ये असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली होती की शास्त्रीय पुरावा असेल तरच असले दावे करा. आणि आपण ते अजून घेतोय. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पण कमी कर, उंदीर त्याला काही जुमानत नाही, बंद खोलीत काकूंच्याच छातीत तो वास जातो.

गावाकडनं आलेली मालदांडी ज्वारीची पोती आणि शेंगांचं पोतं सोप्यात जमिनीवर भिंतीला चिकटून होतं, मी फळीवर घेतलं आणि भिंतीपासून हातभर पुढं ओढलं, म्हणजे मागून कुणी कुरतडलं तर दिसेल तरी. पण पत्र्याची कोठी आणायलाच लागेल. पूर्वी मंगळवेढ्याकडं ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, घालून तोंड लिंपून टाकायचे, आता घरात पेव कोण काढतंय.

स्कूटी देवडीत नको, तिच्या सीटखाली पण चिंध्या सापडल्या. अंगणात भिंतीपासून लांब लावायला सांगितलंय.

आता तुझं काम. काकूंना वाटी बंद करा असं म्हणू नको, ऐकणार नाहीत आणि मलाच बोलतील. असं सांग की खारीला सकाळीच घाला, मूठभरच, कट्ट्यावर नको, रामफळाखाली, आणि दहापर्यंत उरलेलं उचला. पाण्याचं पसरट भांडं पण तिथंच ठेवा, चैत्र-वैशाखात पाण्यासाठीच ती नळ्या फोडते. ड्रमला झाकणं मी दुकानातनं पाठवतो. गवंडी पुढच्या आठवड्यात येतोय, जाळी-पत्रा-मजुरीचा हिशोब व्हॉट्सअॅपला टाकतो, गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा दे, घाई नाही. मशीनचं बेस कव्हर पुण्यात मिळतंय का बघ, मॉडेल नंबरचा फोटो पाठवलाय, नाहीच मिळालं तर जाळी कापून बसवतो. आणि काकूंना आजच फोन कर, वाटीचं मी सांगितलं म्हणू नको.

तुझा,
(वाळलेला) जाड्या